बेसबॉलमधील देवघेव : आजचा गडी की उद्याचा?



व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारायला आले, तेव्हा मी बोनसवर बोलणार की नव्या कामगार-संहितांवर, एवढेच त्यांना लिहून घ्यायचे होते. मी ‘बेसबॉल’ म्हटले. त्यांनी वहीत काहीच लिहिले नाही. मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले असावे. थट्टा नव्हती. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाने केले. त्या कपाटात अमेरिकेतल्या लवादांच्या निवाड्यांचे एक जाडजूड पुस्तक होते. पोलाद, कोळसा, मोटारी असे एकेक धंदे त्यात ओळीने येत, आणि मध्येच एक प्रकरण या खेळाचे. ते मी बरीच वर्षे ओलांडून पुढे जात असे. मग एका पावसाळ्यात टाळेबंदी लांबली, वाचायला दुसरे काही उरले नाही, तेव्हा ते वाचले. तेव्हापासून या खेळाच्या बातम्या मी कोर्टातल्या खटल्यासारख्या वाचीत आलो आहे. मैदानावर जाऊन एकही सामना पाहिलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

खेळाची ओळख प्रश्न समजण्यापुरतीच करून देतो. मोठ्या लीगमध्ये तीस संघ आहेत. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येकाने १६२ सामने खेळायचे. म्हणजे जवळजवळ रोज कामावर जायचे, आपल्या पाळीसारखे. त्यांतून वर आलेले संघ ऑक्टोबरात बाद फेऱ्यांत उतरतात आणि शेवटी दोघांत वर्ल्ड सिरीज होते. आपल्याकडचा गोलंदाज तो तिथे पिचर. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली खालच्या लीगांतले संघ असतात. तिथे अठरा-वीस वर्षांची पोरे चार-पाच वर्षे घासूनपुसून तयार केली जातात. ही त्या संघाची होतकरू मंडळी.

आता जुलै महिना उजाडतो. एखादा संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत पुढे आहे, पण त्याला एक पिचर कमी पडतो. दुसरा संघ तळाला गेला आहे आणि त्याच्याकडे नामांकित पिचर आहे, ज्याचा करार त्याच मोसमाअखेर संपतो. तळाचा संघ म्हणतो, हा घ्या, दोन-तीन महिने वापरा. बदल्यात तुमची दोन-तीन होतकरू पोरे आम्हाला द्या. असा सौदा जुलैअखेरच्या मुदतीच्या आत करावा लागतो. अशा पाहुण्या खेळाडूला अमेरिकेत सरळ ‘भाड्याचा’ म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

सौद्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आपल्या शेतकऱ्याला ऐकताक्षणी पटेल. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून आजची भाकरी थापू नये. बाजूने बोलणाऱ्यांचे उत्तरही आपल्या ओळखीचे आहे : लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये. दोन्ही बाजूंना म्हणी आहेत, म्हणजे म्हणींनी हा खटला निकालात निघणार नाही. माझे मत मी पहिल्यानेच सांगून टाकतो. संघ खरोखर दारात उभा असेल तर होतकरू द्यावा आणि आजचा गडी आणावा. पण हा प्रश्न ज्या भाषेत विचारला जातो ती भाषा मालकाची आहे, आणि माझे खरे भांडण तिच्याशी आहे.

पहिले उदाहरण डेट्रॉइटचे. मोटारींचे शहर, तिथल्या मोटार-कामगारांच्या संघटनेचा इतिहास आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतोच. त्या शहराचा संघ टायगर्स. १९८४ साली त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती आणि १९८७ साली ते पुन्हा शर्यतीत होते, टोरांटोच्या मागे मागे. संघ म्हातारा होत चालला होता. डॅरेल इव्हान्स नावाचा त्यांचा खेळाडू चाळीस वर्षांचा होता आणि त्या वर्षी त्याने ३४ होमरन मारले. असे संघ पुढच्या वर्षी तसेच राहत नाहीत. १२ ऑगस्टला (तेव्हा ऑगस्टातही काही नियमांखाली देवघेव चाले, २०१९ पासून ती वाट बंद झाली) टायगर्सनी अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात एक वीस वर्षांचा पोरगा दिला. पोरगा त्याच मिशिगन राज्यातला. लहानपणापासून टायगर्सचा भक्त; त्याचे आजोबा त्यांच्याच मैदानावर नोकरीला होते. खालच्या लीगमध्ये त्या वर्षी त्याने चार सामने जिंकले होते आणि दहा हरले होते. नाव जॉन स्मोल्ट्झ.

पुढे काय झाले ते ऐका. अलेक्झांडरने अकरा सामन्यांची सुरुवात केली. नऊ जिंकले, एकही हरला नाही. दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा १.५३, म्हणजे समोरच्या संघाचे जवळजवळ हातपायच बांधले. मोसमाचा एक आठवडा उरला असताना टोरांटो साडेतीन सामन्यांनी पुढे होता. मग टोरांटोने उरलेले सातच्या सात सामने गमावले. त्यांतले शेवटचे तीन डेट्रॉइटच्या मैदानावर झाले, तिन्ही एकेका धावेच्या फरकाने. पहिला ४-३, तो अलेक्झांडरने जिंकून दिला. दुसरा ३-२, बाराव्या डावात. तिसरा ४ ऑक्टोबरला, १-०. टायगर्स गटात पहिले आले. यानंतरच्या फेरीत मात्र मिनेसोटाने त्यांना ४-१ असे हरवले, आणि अलेक्झांडरने सुरू केलेले दोन्ही सामने टायगर्स हरले. गंमत अशी की टायगर्सनी त्या मोसमात ९८ सामने जिंकले होते आणि मिनेसोटाने ८५. तरी वर्ल्ड सिरीज मिनेसोटाने जिंकली.

स्मोल्ट्झ १९८८ च्या जुलैत अटलांटाकडून मोठ्या लीगमध्ये उतरला, आणि त्याने पुढे २१३ सामने जिंकले. शिवाय मधली काही वर्षे शेवटच्या डावात येऊन सामना राखण्याचे काम केले, तेही १५४ वेळा. १९९६ चा उत्तम पिचरचा सन्मान त्याचा. २०१५ साली त्याचे नाव या खेळाच्या कीर्तिमंदिरात लागले. अलेक्झांडर १९८९ साली ६ सामने जिंकून १८ हरला आणि घरी गेला. डेट्रॉइटने काचेसाठी हिरा दिला, असे तेव्हापासून जो तो सांगतो.

मी तसे सांगत नाही. हिशेब निकालावरून मागे मांडायचा नसतो. बाकी आमच्या संपांबद्दलही लोक नेमके तेच करतात. त्या ऑगस्टात डेट्रॉइटपुढे काय होते? वय होत आलेले, पण अजून जिंकू शकणारे लोक, आणि चार जिंकून दहा हरलेला एक पोरगा. स्मोल्ट्झ घरीच राहिला असता तर टायगर्सचे पुढचे दिवस पालटले असते का? १९८९ साली तो संघ १०३ सामने हरला. एका पिचरने १०३ सामने सावरत नाहीत. पिचरला चार-पाच दिवसांनी एकदा फेकायचे असते. आणि अटलांटाकडे पाहा. तिथे स्मोल्ट्झ एकटा नव्हता; त्याच्या बरोबरीचे दोन-तीन पिचर होते. १९९१ पासून २००५ पर्यंत, संपाने अर्ध्यात थांबलेला १९९४ चा मोसम सोडला, तर दर वर्षी ते गटात पहिले. चौदा वेळा. वर्ल्ड सिरीज किती जिंकल्या? एक, १९९५ सालची. इतके उत्तम बियाणे, इतके जोमदार पीक, आणि खळ्यावर आले एक पोते. ऑक्टोबरातले सामने थोडे असतात आणि थोड्या सामन्यांत दैव पुष्कळ असते. म्हणून ‘आज राहू द्या, पुढच्या वर्षी नक्की’ असे जो संघ म्हणतो, त्याला पुढच्या वर्षीही फार तर एक सोडतीचे तिकीटच मिळते.

बोस्टनचा सौदा मात्र मला चुकीचा वाटतो. १९९० च्या ऑगस्टअखेरीस बोस्टनने ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन घेतला, सदतीस वर्षांचा, शेवटच्या डावांत येऊन मदत करणारा पिचर. त्याने बोस्टनसाठी २२ डाव फेकले, आणि चांगले फेकले. बोस्टन दोन सामन्यांच्या फरकाने गटात पहिले आले आणि पुढच्या फेरीत ओकलंडकडून चारही सामने हरले. बदल्यात दिलेला पोरगा बोस्टन शहरातच जन्मलेला, बावीस वर्षांचा जेफ बॅगवेल. त्याची जागा बोस्टनच्या वरच्या संघात दुसऱ्या कोणीतरी अडवलेली होती, हे खरे. ह्यूस्टनने त्याला पहिल्या तळावर उभे केले. तो पंधरा मोसम तिथेच खेळला, ४४९ होमरन मारले, १९९४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१७ साली कीर्तिमंदिरात गेला.

मग अलेक्झांडर बरोबर आणि अँडरसन चूक, हे कसे? माप एकच लावा : आणलेला माणूस किती काम उचलणार? अलेक्झांडर अकरा सामन्यांचा भार घेऊन आला. अँडरसन २२ डाव घेऊन आला. नऊ डावांचा सामना धरला तर हे अडीच सामन्यांचेही काम नाही. एवढ्या कामासाठी कायमचा माणूस कोणी देत नाही. आपल्या गिरण्यांत एवढ्यासाठी बदली कामगार बोलावीत.

अँडरसनच्या प्रकरणात एक पोटप्रकरण आहे. ते मला सोडवत नाही. तो मोसम संपल्यावर बोस्टनकडे राहिला नाही, सान दिएगोला गेला. त्याला जाता आले ते का? १९८५, १९८६ आणि १९८७ या तिन्ही मोसमांनंतर संघमालकांनी आपसात संगनमत करून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना बोली लावणेच बंद केले होते. संघटनेने दावे लावले, लवादांनी मालकांना दोषी धरले, आणि १९९० साली मालकांनी २८ कोटी डॉलर नुकसानभरपाई देऊन तडजोड केली. त्या तडजोडीत काही खेळाडूंना पुन्हा मोकळे होण्याचा हक्क मिळाला. अँडरसन त्यांतला एक. म्हणजे मालकवर्गाने तीन वर्षे मजुरी दाबली, आणि त्याची भरपाई म्हणून बोस्टनचा भाड्याचा पिचर बोस्टनच्या हातून निसटला. असा न्याय रोज होत नाही, म्हणून मी ही गोष्ट जपून ठेवली आहे.

येथवर मी तुमच्याशी खेळाच्या जाणकारासारखा बोललो. आता माझ्या धंद्याचे बोलतो. वीस वर्षांच्या पोराला इतकी किंमत का येते? तो चांगला खेळेल म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. अठ्ठावीस वर्षांचा नामांकित खेळाडू आजच चांगला खेळतो, आणि बाजारात पैसे मोजले की तोही मिळतो. पोराची किंमत ही की तो चांगला खेळेल आणि त्याचे पैसे मोजावे लागणार नाहीत. मोठ्या लीगमध्ये उतरल्यावर सहा वर्षे तो त्या संघाला बांधलेला. त्यांतली पहिली तीन वर्षे साधारण किमान वेतनावर, पुढची तीन लवादाने ठरवलेल्या पगारावर, आणि मग मोकळा. आपल्याला हे किमान वेतनही राजेशाही वाटेल. २०२२ साली ते ७ लाख डॉलर होते. पण त्याच मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या मोकळ्या खेळाडूला वर्षाला २ कोटी डॉलर मिळत असतात, आणि पोरगा कधी कधी त्याच्याहून सरस खेळतो. तो फरक कोणाच्या खिशात जातो? तेव्हा जुलैअखेर जी देवघेव होते तिचे खरे नाव असे आहे : मोकळीक दोन महिन्यांवर आलेला माणूस द्यायचा आणि मोकळीक सहा वर्षे दूर असलेला माणूस घ्यायचा.

पूर्वी तर मोकळीक नव्हतीच. करारात एक कलम असे, त्याने संघ खेळाडूला वर्षामागून वर्षे राखून ठेवू शके. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला कळवण्यात आले की तुझी रवानगी फिलाडेल्फियाला झाली आहे. बारा वर्षे त्याने त्या शहरात काढली होती. त्याने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिले. त्यातील मुद्दा असा की इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझी इच्छा न विचारता विकावी किंवा विकत घ्यावी अशी मालमत्ता मी नव्हे. तो कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याचा दावा फेटाळला. त्याचा खेळ तोवर संपला होता. पण दार हलले होते. १९७३ साली संघटनेने असे कलम मिळवले की दहा वर्षे मोठ्या लीगमध्ये आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूची त्याच्या संमतीवाचून देवघेव होणार नाही. आणि १९७५ च्या डिसेंबरात पीटर सेट्झ या लवादाने निवाडा दिला की राखून ठेवणे एका वर्षापुरतेच. पुढे माणूस मोकळा.

या संघटनेचा म्होरक्या मार्विन मिलर. तो खेळाडू नव्हता. पोलाद-कामगारांच्या युनियनचा अर्थशास्त्रज्ञ. १९६६ साली तो खेळाडूंकडे आला तेव्हा किमान वेतन वर्षाला ६ हजार डॉलर होते. १९६८ च्या पहिल्याच सामुदायिक करारात ते १० हजार झाले. सेट्झच्या निवाड्यानंतर एक मालक म्हणू लागला, ठीक आहे, सगळ्यांनाच दर वर्षी मोकळे करा. मिलर मनात दचकला. सगळेच एकदम बाजारात आले तर भाव कोसळणार, हे त्या मालकाला कळत होते आणि मिलरलाही. म्हणून त्याने सहा वर्षांची अट मान्य केली. दर वर्षी थोडे मोकळे होतील, मालक त्यांच्यावर तुटून पडतील, भाव चढेल. डाव बिनतोड होता. चढलेला भाव पुढे सगळ्यांनाच उपयोगी पडला. पण त्याची किंमत कोणी दिली? पहिल्या सहा वर्षांतल्या पोरांनी. होतकरू खेळाडूला आज बाजारात जो भाव येतो, तो त्या सहा वर्षांच्या स्वस्ताईचा भाव आहे, आणि ती स्वस्ताई मालकाने जितकी लादली तितकीच युनियनने लिहून दिली.

मिलरवर मी टीका करतो असे समजू नका. मी तेच केले आहे. एका कारखान्यात आम्ही करार केला. कायम कामगारांना चांगली वाढ मिळवली, आणि बदल्यात नव्याने लागणाऱ्यांना पहिली पाच वर्षे खालची श्रेणी मान्य केली. पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी गेटसभेत नव्याने लागलेल्या एका पोराने विचारले, “भाऊ, करार झाला तेव्हा आमच्या वतीने कोण बसले होते?” करार झाला तेव्हा तो कामावर नव्हताच, असे मी त्याला उत्तर दिले. उत्तर कायद्याने बरोबर होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्याच जुन्या सभासदाने मान खाली घातली, ती मला अजून दिसते.

तेव्हापासून ‘आम्ही भविष्यासाठी पोरे राखतो आहोत’ असे संघमालक म्हणाला की मी आधी त्याच्या खिशाकडे पाहतो. कित्येकदा भविष्य म्हणजे पुढच्या सहा वर्षांची वाचलेली मजुरी. आजचा गडी आणला तर त्याचा उरलेला पगार द्यावा लागतो, आणि तो मोसमाअखेर निघून जातो तेव्हा हातात काही राहत नाही. प्रेक्षकाला मात्र काहीतरी राहते.

मिलवॉकीचे उदाहरण घ्या. लहान शहर, १९८२ नंतर त्यांचा संघ कधी बाद फेरीत गेला नव्हता. २००८ च्या ७ जुलैला त्यांनी क्लीव्हलंडकडून सी. सी. सबाथिया हा पिचर घेतला. त्याने १७ सामने सुरू केले, ११ जिंकले, २ हरला; आणि सात वेळा पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत स्वतःच फेकले, जे आजकाल फार थोडे पिचर करतात. मोसमाच्या अखेरीस तर चार दिवसांची विश्रांती सोडून तीनच दिवसांनी तो पुन्हा पुन्हा फेकायला उभा राहिला. लक्षात घ्या, त्याचा करार संपत आला होता. हिवाळ्यात त्याला आयुष्याची कमाई ठरवायची होती, आणि ती सारी त्या डाव्या हातात होती. हात दुखावला असता तर मिलवॉकी काही त्याला पोसणार नव्हते. तरी त्याने फेकले. शेवटच्या दिवशी शिकागोला ३-१ असे हरवून त्याने मिलवॉकीला सव्वीस वर्षांनी बाद फेरीत नेले. तिथे फिलाडेल्फियाने त्यांना हरवले. थकलेल्या सबाथियालाही त्यांनी चोपले. डिसेंबरात तो सात वर्षांच्या १६ कोटी १० लाख डॉलरच्या करारावर न्यूयॉर्कला गेला. त्याला भाड्याचा म्हणणाऱ्याने हा शब्द जरा जपून वापरावा.

मिलवॉकीने दिलेले बियाणेही पाहू. मुख्य मोल होते मॅट लापोर्टाचे. सगळ्या जाणकारांनी त्याला वाखाणले होते. मोठ्या लीगमध्ये तो चार वर्षांत संपला. सौद्याच्या शेपटाला ‘नाव पुढे सांगू’ म्हणून जो एक खेळाडू ठेवला होता तो मायकेल ब्रँटली निघाला, आणि त्याची पाच वेळा सर्वोत्तमांच्या सामन्यासाठी निवड झाली. म्हणजे राखायचा तर कोणता दाणा राखायचा, हेही कोणाला कळत नाही. विसाव्या वर्षी माणसाचे भाकीत करणारे पुष्कळ असतात, माझ्याबद्दलही होते.

आता शिकागो. शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. आजोबा, बाप आणि नातू वाट पाहून थकले होते. २०१६ च्या जुलैत त्यांनी न्यूयॉर्क यांकीजकडून आरोल्डिस चॅपमन हा अतिवेगवान पिचर आणला आणि ग्लेबर टोरेस हा एकोणीस वर्षांचा पोरगा आणखी तिघांबरोबर दिला. ऑक्टोबरात त्यांनी चॅपमनला राब राब राबवले. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात, सहाव्यात आघाडी भक्कम असतानाही, आणि मग २ नोव्हेंबरला सातव्या, निर्णायक सामन्यात. आठव्या डावात त्या दमलेल्या हाताचा चेंडू क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने सीमेबाहेर टोलावला आणि सामना बरोबरीत आला. ज्याच्यासाठी टोरेस दिला, त्याच्याच हातून १०८ वर्षांची शिदोरी सांडत होती. नवव्या डावात मात्र तो पुन्हा उभा राहिला आणि त्याने एकही धाव दिली नाही. मग पाऊस आला, खेळ थोडा वेळ थांबला, दहाव्या डावात शिकागोने दोन धावा केल्या आणि सामना ८-७ असा जिंकला. शेवटचा बळी घेणारा पिचर माईक मॉन्टगोमेरी. तोही त्याच जुलैत होतकरू पोरांच्या बदल्यात आणलेला. चॅपमन डिसेंबरात पुन्हा यांकीजकडेच गेला. टोरेसची २०१८ आणि २०१९ साली सर्वोत्तमांच्या सामन्यासाठी निवड झाली. शिकागोत याबद्दल हळहळ करणारा माणूस शोधून काढावा लागेल.

कोणी म्हणेल, नामांकित माणूस कशाला, स्वस्तात भागवा. भागते, कधी कधी. अटलांटानेच २०२१ च्या जुलैत चार बाहेरचे क्षेत्ररक्षक किरकोळ मोबदल्यात गोळा केले. त्यांतल्या एदी रोसारिओने उपान्त्य फेरी गाजवली, होर्गे सोलेर वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला, आणि अटलांटा जिंकले. पण अशा बाजारहाटावर भरवसा ठेवून कोणी संसार करीत नाही.

आणि दारात उभे असणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. २०२२ पासून बाद फेरीत बारा संघ घेतात. त्यामुळे जुलैअखेर वीस संघ आपण शर्यतीत आहोत असे म्हणू लागतात. त्यांतले बरेच अंगणातही नसतात, वेशीवर असतात. त्यांनी पोरे देऊ नयेत. प्रेक्षकांना चार आठवडे आशा दाखवण्यासाठी माणसे इकडून तिकडे हलवणे मला पटत नाही. पण ज्या संघाचे लोक शंभर सामने पुढे राहून जुलैअखेरीस पोचले, त्यांना ‘यंदा तुमचे तुम्ही पाहा, आमचे लक्ष पुढच्या पाच वर्षांवर आहे’ असे सांगणाऱ्या कारभाऱ्याला कामगारांचे मन कळत नाही. खात्यात माणूस कमी आहे, माल उद्या द्यायचा आहे, आणि साहेब सांगतो की शिकाऊ उमेदवार तीन वर्षांनी तयार होतील! तिथे काम करणारे काय म्हणतात, ते या सभागृहात सांगण्यासारखे नाही.

राहता राहिला तो पोरगा. स्मोल्ट्झला घर सोडावे लागले तेव्हा ते जिव्हारी लागले, पण अटलांटात जागा मोकळी होती म्हणून तो वर्षाच्या आत वर आला. बॅगवेलचेही तेच. दिलेल्या पोराचे नेहमी नुकसानच होते असे नाही. ज्याची वाट वर अडलेली आहे तोच पोरगा द्यावा, असे मी म्हणेन. त्यात देणाऱ्याचे कमी जाते आणि पोराचे भले होण्याचा संभव असतो. पण खालच्या लीगांतल्या पोरांना कित्येक वर्षे वर्षभराचा पगारसुद्धा पोटाला पुरत नसे. मधल्या पायरीवर, जिला तिथे ‘डबल ए’ म्हणतात आणि जिथून स्मोल्ट्झ आणि बॅगवेल दिले गेले, तिथे २०२२ साली वर्षाला किमान १३,८०० डॉलर मिळत. पूर्वी एकेका लहान घरात पाच-सहा जण दाटीने राहत. २०१८ साली कायदा करून त्यांना किमान वेतनाच्या बऱ्याचशा संरक्षणातून वगळण्यात आले. मोठ्या खेळाडूंची संघटना पन्नासहून अधिक वर्षे त्यांच्या वतीने बसलीच नव्हती. २०२२ च्या सप्टेंबरात हजारो पोरांनी सह्या करून संघटनेत प्रवेश मिळवला, आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचा पहिला करार झाला. १३,८०० चे ३०,२५० झाले.

त्या कराराची बातमी मी त्या गेटसभेतल्या पोराला पाठवली. तो आता स्वतः कमिटीत आहे. त्याने एकच गोष्ट उलट विचारली : त्यांची बदली करताना आता त्यांना विचारतात का? मी कलमे पुन्हा काढून पाहिली. संमतीचे कलम आहे ते १९७३ चेच, दहा वर्षे आणि पाच वर्षांचे. वीस वर्षांच्या पोराला अजूनही फोन येतो आणि विमानाची वेळ सांगितली जाते.